वरीचे तांदूळ, पाच किलो

नंदुरबार स्टँडवर कंडक्टरनं माझं अर्धं तिकीट काढलं आणि ह्यांचं पूर्ण. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं झालंय, तेव्हापासून हे दर वेळी तितक्याच गंभीरपणे कंडक्टरला विचारतात, "पासष्टीला सूट आहे ना? मग चार वर्षांची थोडी उचल द्या की!" कंडक्टर हसला तर प्रवास चांगला होणार, असं आमचं आपलं शास्त्र. हा हसला नाही. त्यानं सीटखालच्या पोत्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "त्यात काय आहे?"

त्यात भगर होती. पाच किलो. आमच्या पाड्यावरच्या बायकांनी उखळात कांडून, पाखडून, जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून दिलेली. "तुमच्या पुण्याच्या देवळात द्या," म्हणाल्या. नोव्हेंबरात आमच्या पुण्याच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हंगामाचा सण असतो हे त्यांना माझ्याकडूनच कळलेलं. नव्या पिकातलं पहिलं काहीतरी देवापुढे न्यायचं, ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही. त्यांच्याकडे ती आपल्याहून जुनी आहे.

आम्ही दोघं बावीस वर्षं अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या पुढे एका पाड्यावर राहतो. मी नर्स, मिरजेला वानलेस इस्पितळात शिकले. हे पाळक, आणि मुलांचं एक छोटं वसतिगृह बघतात. पुण्यात आम्हाला 'आपले मिशनरी' म्हणतात. हा शब्द ऐकला की मला कुणाचा तरी उसना कोट अंगात घातल्यासारखं होतं. मिशनरी म्हणजे डोक्यावर टोपी, पायात बूट, सोबत गोरी मडम. आमच्याकडे टोपी आहे, पण ती माकडटोपी. पाड्यावर मी 'सिस्टरबाई' आणि हे 'गुरुजी', आणि ते अगदी अंगाबरोबर बसतं.

धुळं, मालेगाव, नाशिक, संगमनेर. नारायणगावला चहा. पहाटे वाकडेवाडीला उतरलो. मेट्रोच्या कामासाठी स्टँड इकडे हलवून काही वर्षं झाली, तरी हे रिक्षावाल्याशी बोलताना अजून 'शिवाजीनगर स्टँड' म्हणतात आणि रिक्षावाला त्यांना गावाकडचा समजून जास्त पैसे सांगतो. जन्म घोरपडे पेठेतला, आणि भाव परगावच्या माणसाचा.

घरी सासूबाई खिडकीपाशी कॉटवर बसल्या होत्या. वय शहाऐंशी. वाडा पडून इमारत झाली, तिसरा मजला मिळाला, लिफ्ट आली. त्यांना मात्र अजून जिना चढून कुणीतरी येणार असं वाटतं आणि त्या पावलांचा आवाज ऐकत बसतात. ह्यांनी पायांना हात लावला. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग पोत्याकडे.

"परत कधी जाणार?" त्यांनी विचारलं.

नुसतं 'कधी आलात' नाही, 'कसे आहात' नाही. धाकट्या जावेनं आतून सांगितलं, "ताई, मनाला लावून घेऊ नका. त्या सगळ्यांना तेच विचारतात. दूधवाल्यालासुद्धा."

दूधवाल्याला विचारत असतील. पण दूधवाला रोज येतो.

जाऊ नगरची. लग्नाआधी तिकडे शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गात, शिकवायची. इथे आल्यावर एका शाळेत नोकरी आणि रविवारी गायनमंडळात. २०१६ साली सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला, आणि त्या वर्षी जावेनं नोकरी सोडली. हे सगळं मला माहीत होतं. फोनवर माहीत होतं. "आई कशा आहेत?" "बऱ्या आहेत." "तू कशी आहेस?" "मला काय धाड भरलीय!" एवढ्यावर आमची आठ वर्षं निघाली.

यंदा मी फ्रिजवरची वही उघडली. आठ वर्षांत अशा सतरा वह्या झाल्यात, दोनशे पानी, आडव्या रेघांच्या. मी तीस वर्षं रुग्णांचे तक्ते लिहितेय, शिकाऊ मुलींचे तपासतेय. इतका स्वच्छ तक्ता मी पाहिलेला नाही. "सकाळी ६.५० चहा, अर्धा कप. ७.३० बीपीची गोळी. ८.१५ परसाकडे झालं. १० वा. थोरल्याची आठवण काढली, रडल्या. ११.३० वरण-भात, चार घास. १ वा. गोळी. ४ वा. थोरला कुठे विचारलं, सांगितलं मोलगीला. मोलगी कुठे विचारलं."

पानं उलटत गेले तर 'थोरला' रोज होता. गोळीसारखा, वेळेवर. मी वही मिटली आणि होती तिथे ठेवली. ह्यांना काही बोलले नाही.

दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या काकू आल्या. मूळच्या सदाशिव पेठेतल्या. रोज तासभर सासूबाईंपाशी बसतात, त्यामुळे जावेला आंघोळ आणि भाजी तरी होते. काकूंनी चहा घेतला, बशीत ओतून, आणि सरळ विचारलं, "मला एक सांगा, तुम्ही तिकडे लोकांना बाटवता का हो?"

पुण्यातच असं विचारतात. बाकीकडे लोक मनात ठेवतात आणि पुढे त्याचं काहीबाही होतं. मला काकूंचा प्रश्न आवडला, म्हणून उत्तरही सरळ दिलं. रविवारी आमच्या प्रार्थनेला चाळीस-पन्नास माणसं असतात, आपखुशीनं आलेली. दवाखान्यात येणारी त्याच्या कितीतरी पट, आणि त्यातली बहुतेक याहामोगीला नवस बोलून मग माझ्याकडे येतात. मी दोघांनाही तीच गोळी देते. डॉक्टर महिन्यातून दोनदा वर येतात. मधल्या दिवसांत ताप, जुलाब, बाळंतिणी आणि सिकलसेल, तो रक्ताचा जन्मजात आजार. सिकलसेलचं पोर दुखण्यानं कळवळत असतं तेव्हा त्याचा देव कोणता हे विचारायला सुचत नाही. आमचा विश्वास आम्ही लपवत नाही. विचारलं तर सांगतो. न विचारता सांगायचीही सवय ह्यांना होती, ती पहिल्या पाच वर्षांत गेली.

"बरं," काकू म्हणाल्या. "मला वाटलंच होतं." काय वाटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. कप मात्र दुसऱ्यांदा पुढे केला.

एवढी संधी हे सोडतील होय? "काकू, ह्याच चहावरून पुण्यात केवढं रण माजलं होतं, माहीत आहे ना?" आणि मग पंचहौदाची गोष्ट. १८९० चा ऑक्टोबर. गुरुवार पेठेत पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी व्याख्यानाला गेली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. कुणी प्यायलं, कुणी नुसता कप हातात धरला. डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी मोठे खट्याळ. त्यांनी हजर असणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. झालं, ग्रामण्य उभं राहिलं, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि शेवटी टिळक-रानड्यांसारख्यांनीही प्रायश्चित्त घेतलं.

काकूंनी शांतपणे चहा संपवला. "तुमच्या जावेच्या चहात आलं जास्त असतं," त्या म्हणाल्या, "प्रायश्चित्त त्याचं घ्यायला हवं."

ज्या आवारात हे घडलं ते आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. पवित्र नाम देवालय १८८५ चं. मनोरा देवळाला चिकटलेला नाही, बाजूला सुटा उभा आहे, वर आठ घंटा. ह्यांचं लहानपण त्या घंटांवर गेलं. आमची मंडळी मात्र वेगळी, छोटी, पेठेतच. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण आता लिलावाची हकिगत येतेय आणि ती वाचून दोघं-तिघं फुगून बसतील.

रविवारी भक्तीला आम्हाला पहिल्या बाकावर बसवलं. सासूबाईंना व्हीलचेअरवरून आणलं होतं. त्यांना मध्येच बाहेर न्यावं लागतं, म्हणून त्या आणि जाऊ शेवटच्या बाकाशी, दारालगत. देवळाला पाच पायऱ्या आहेत आणि उतार नाही. खुर्ची दिरांनी आणि तरुण संघातल्या दोन पोरांनी उचलली. जावेच्या खांद्याला निळी पिशवी. त्यात डायपर, बदलायची साडी, पाण्याची बाटली, बिस्किटं.

वेदीपुढे ऊस बांधलेले, झेंडूच्या माळा, खाली भोपळे, केळीचे घड, भाज्या, अंडी, केक, पाय बांधलेली एक कोंबडी. आमच्या भगरीचं गाठोडं दोन भोपळ्यांच्या मध्ये. कोंबडी उपदेशभर बोलत होती. पाळकसाहेब नवे आहेत, तरुण. त्यांनी दोनदा थांबून तिच्याकडे बघितलं, तिसऱ्यांदा उपदेशच आवरता घेतला.

मग सेक्रेटरींनी आम्हाला पुढे बोलावलं. शाल, गुलाबाची फुलं, टाळ्या. "आपल्या मंडळीनं पाठवलेले," असं ते तीनदा म्हणाले. मंडळीनं पाठवलं हे खरं आहे; दर महिन्याला मनीऑर्डर यायची, आता खात्यावर येते, कधी चुकलेली नाही. ह्यांनी दोन पानांचा अहवाल वाचला: वसतिगृहात मुलं किती, दहावीला किती बसली, पास किती. लोक अदबीनं ऐकत होते, म्हणजे कंटाळले होते. तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "ताई, तुम्ही दोन शब्द साक्ष द्या."

मी बांबूलन्सची गोष्ट सांगितली. आमच्याकडे रस्ता नसलेल्या पाड्यावरून बाळंतीण खाली आणायची तर बांबूला झोळी बांधतात, चौघं खांदा देतात. त्याला सगळे बांबूलन्स म्हणतात, पेपरातही तसंच येतं. मागच्या पावसाळ्यात अशीच एक पोर येत होती. नाला भरलेला, वाट निसरडी, आणि मोहाच्या झाडाखाली झोळीतच बाळाचं डोकं दिसायला लागलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. मुलगी झाली.

समोरच्या बाकांवर डोळे पुसले गेले. आणि मला माझीच लाज वाटली. ही गोष्ट मी त्या वर्षात चौथ्यांदा सांगत होते. 'मोहाच्या झाडाखाली' म्हटल्यावर किती वेळ थांबायचं, हे मला पाठ झालंय. गोष्ट खरी आहे, त्यातला एक शब्द खोटा नाही. पण त्या पोरीला तीन दिवस आधी खाली आणून ठेवायला हवं होतं, आणि मी विसरले होते. हे मी कुठल्याच देवळात सांगितलेलं नाही.

त्या शांततेत मागच्या बाकावरून सासूबाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत: "कोण बोलतेय ही?"

"तुमची थोरली सून." जावेचा, दबका.

"ती कुठे असते?"

कुणीतरी हसू दाबलं. पाळकांनी लगेच गीताचा आकडा सांगितला.

भक्तीनंतर मांडवात लिलाव. परक्या वाचकांसाठी सांगते: हंगामाच्या सणाला अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, पैसे मंडळीच्या कामाला जातात. तीस रुपयांचा नारळ तीनशेला जातो आणि घेणारा ताठ मानेनं घरी जातो. आमच्याकडे दोन साडू आहेत, दोघंही निवृत्त, दोघंही कोंबडीवर टपलेले. पाचशे, सहाशे, आठशे. अकराशेला एकाच्या बायकोनं त्याचा शर्ट मागून ओढला. दुसऱ्यानं बाराशे म्हटलं आणि मग चेहरा पडला, कारण पुढे कुणी बोलेचना. कोंबडी त्याची झाली. ती त्यानं घरी नेऊन काय केलं हे विचारू नये. संध्याकाळी त्याच्या जिन्यात रश्श्याचा वास होता म्हणे.

मग आमचं गाठोडं वर आलं. पुकारणारे दादा फार मजेशीर माणूस. त्यांनी ते हातात तोललं. "वरीचे तांदूळ! पाच किलो! सातपुड्याचे! हातकांडणीचे! बोला!"

कुणी बोललं नाही.

"अहो बोला! आपल्या मिशनऱ्यांनी आणलेत!"

मागून एकजण म्हणाला, "आपल्याला कुठे एकादशी?" आणि मांडव हसला. मीसुद्धा हसले. विनोद बरा होता. पुण्यात भगर म्हणजे उपासाचा पदार्थ, आणि ख्रिस्ती माणसाला चतुर्थी-एकादशी नाही, मग वरी कुणाला हवी? पण हसता हसता मला त्या बायका दिसल्या. वरईचे दाणे सुटे करणं सोपं नसतं. उखळात घालून कांडायचं, पाखडायचं, पुन्हा कांडायचं. टरफल सुटता सुटत नाही. पाच किलोसाठी सहा जणींनी दोन दुपारी घालवल्या होत्या. परत गेल्यावर पहिला प्रश्न तोच येणार होता: देवळात काय म्हणाले?

हे उठायला लागले, स्वतःच बोली लावायला. मी हात धरला. आपण आणलेलं आपणच विकत घ्यायचं हे फारच वाईट दिसलं असतं.

"पाचशे एक," दाराकडून आवाज आला.

जाऊ. एका हातात व्हीलचेअरची मूठ, खांद्याला ती निळी पिशवी.

दादांनाही वेळ लागला. मग त्यांनी एकदम चढवून घेतलं, "पाचशे एक! पाचशे एक एकवार!" आणि गंमत बघा, कुणीतरी घेतंय म्हटल्यावर दुसऱ्यांना हवीशी वाटायला लागली. कोंबडी हुकलेले साडू सहाशे म्हणाले. जाऊ, "सातशे." ते, "आठशे." जावेनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांच्या बायकोनं पुन्हा शर्ट ओढला. "नऊशे एक," जाऊ म्हणाली, आणि संपलं.

घरी येताना मी म्हटलं, "अगं, सांगितलं असतंस तर तुझ्यासाठी वेगळी आणली असती. नऊशे रुपये!"

"आईंना दात नाहीत, मऊ लागतं. लागणारच होती," ती म्हणाली. मग लिफ्टमध्ये, माझ्याकडे न बघता, "आणि फुकट नको होती."

मंगळवारी आम्ही दोघी केडगावला गेलो. कल्पना ह्यांची. "तुम्ही जाऊन या, आईंकडे मी बघतो." दीर कामासाठी तळेगावला जाणार होते, म्हणजे घरात हे एकटे. जावेनं त्यांना वही दाखवली, गोळ्यांचे डबे दाखवले, डायपर कसं बदलायचं ते उशीवर करून दाखवलं. एकसष्ट वर्षांचे हे, वसतिगृहात एका वेळी चाळीस पोरं सांभाळतात, पण उशीपुढे घामाघूम.

दौंडची गाडी. लोणी, उरुळी, यवत. जाऊ खिडकीशी बसली आणि हडपसर मागे पडेपर्यंत घरचा फोन येतो का बघत राहिली. नंतर फोन पर्समध्ये टाकला. उसाचे मळे सुरू झाले, गुऱ्हाळांचा वास डब्यात आला. शेतात कोप्या दिसल्या की मी ओळखीचं तोंड शोधते. आमच्याकडची कितीतरी माणसं ऊसतोडीला खाली येतात. सवय लागलीय.

केडगावला जायचं कारण सासूबाईंची आजी. ती तिथल्या मुक्ती मिशनमधली. १९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंची माणसं गुजरातेतून उपाशी पोरी घेऊन आली, त्यात ही सात-आठ वर्षांची होती. गाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही. मुक्तीत वाढली, तिथेच लग्न जमलं. घरात तिला सगळे 'याहा' म्हणायचे, असं सासूबाई सांगायच्या, आणि ते नाव कुठून आलं हे कुणाला ठाऊक नव्हतं. मी मोलगीला गेले त्या पहिल्याच आठवड्यात एक पोर दवाखान्याच्या दारात 'याहा, याहा' म्हणून रडत होतं. आमच्याकडच्या भिलांत आईला याहा म्हणतात. हे म्हणतात, योगायोग असेल. असेल. मी पैज लावणार नाही. पण सासूबाईंना हे फोनवर सांगावं असं मला अजून वाटतं, तेवढ्यात त्या विचारतात, परत कधी जाणार.

मुक्तीच्या आवारात शिरलं की आवाज कमी होतो. मोठी झाडं, मोठं देऊळ. शारदा सदन, अंध मुलींचं बार्तिमी सदन, म्हाताऱ्या-अपंगांचं प्रीती सदन. शारदा सदन रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलं, मग पुण्यात आणलं. पुण्यात प्लेग आला, निर्बंध आले, तेव्हा दुष्काळातून आणलेल्या मुलींना घेऊन त्या इथल्या माळावर आल्या. मी जावेला हे सगळं सांगत होते, जरा जास्तच सांगत होते. बाई हिब्रू-ग्रीक शिकल्या, आख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, बाजारहाट करणाऱ्या बाईला कळेल असं. छापखाना इथलाच, खिळे जुळवणाऱ्या ह्याच मुली. मुलगी मनोरमा १९२१ ला गेली, आणि आठ-नऊ महिन्यांत, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाईही. काम तेवढं हातावेगळं केलं होतं. छापून पुरं झालं १९२४ ला.

जाऊ ऐकत होती. झाडाखाली डबा सोडताना तिनं विचारलं, "एवढ्या मुली होत्या. स्वयंपाक कोण करायचं?"

"मुलीच. दळण, स्वयंपाक, धुणं, विणकाम, छापखाना. कामं वाटलेली होती. पाळ्या असायच्या."

"पाळ्या," ती म्हणाली. चपातीचा घास हातात तसाच. "बघा. पाळ्या होत्या."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ताई, दाविदाची ती गोष्ट आठवते? सिकलागची?"

आठवत होती. अमालेकी गाव जाळून बायकापोरं पळवून नेतात. दावीद सहाशे माणसं घेऊन पाठलागाला निघतो. बसोर ओढ्याशी दोनशे माणसं थकून बसतात, सामानापाशी राहतात. चारशे पुढे जातात, जिंकून येतात. येताना काहीजण म्हणतात, मागे राहिलेल्यांना लुटीतलं काही द्यायचं नाही. दावीद म्हणतो, असं चालणार नाही. लढायला गेला त्याचा आणि सामानापाशी बसला त्याचा वाटा सारखा.

"शब्बाथ शाळेत मी ही गोष्ट शिकवायचे," ती म्हणाली. "तेव्हा मला वाटायचं, मी त्या चारशेंतली. आता मी सामानापाशी." मग डब्याचं झाकण लावत, "रविवारी तुम्हाला शाल मिळाली त्याचं मला वाईट नाही वाटलं हां. शाल काय, घरात सात आहेत. पण माझी आई नगरला आहे, ब्याऐंशी वर्षांची. दोन वर्षं झाली, मी तिला बघितलं नाही. नगर किती लांब आहे? तीन तास."

मोलगीहून पुण्याला आम्ही एक रात्र आणि अर्धा दिवस घालवून येतो आणि लोक आम्हाला शाल पांघरतात.

माझ्या मनात पहिलं आलं ते असं: मे महिन्यात वसतिगृहाला सुट्टी असते, पण दवाखान्याला नसते, मेमध्ये तिकडे उलट्या-जुलाब वाढतात, डॉक्टर सुट्टीवर जातात. दुसरं आलं ते असं, की बावीस वर्षं हेच कुठलं तरी कारण होतं आणि ते दर वेळी खरं होतं. मी म्हटलं, "मेमध्ये मी महिनाभर येते. एकटी. तू नगरला जा." ती म्हणाली, "बघू." मी म्हटलं, "बघू नाही. तारीख सांग." ती हसली. "तुम्ही आधी आईंचं डायपर बदलून दाखवा, मग तारीख." मी नर्स आहे, म्हटलं. "तेच," ती म्हणाली, "नर्सचं ऐकत नाहीत त्या."

तिनं एक तारीख सांगितली. मी ती मोबाइलमध्ये घातली. मग तिनं तिच्यातही घातली आणि मला दाखवली.

संध्याकाळी घरी पोचलो तर घर जागेवर होतं. सासूबाई झोपलेल्या. गादीवरची चादर बदललेली, पण उलटी घातलेली. न्हाणीघरात तीन टॉवेल भिजत. स्वयंपाकघरात भगरीचं पातेलं खाली लागलेलं, वर झाकण, जणू त्यामुळे कुणाला कळणार नव्हतं. हे खिडकीपाशी सासूबाईंच्या जागेवर बसले होते, डोळे लाल. "जमलं," म्हणाले. पुढे काही नाही.

जाऊ पर्स न ठेवताच फ्रिजकडे गेली आणि वही उघडली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. ह्यांचं अक्षर, उपदेश लिहितात तसं टपोरं, ओळी सोडून सोडून. चहा, गोळी, आंघोळ नाही (नको म्हणाली). मग:

"दु. १२.१० भगर, सात घास. आवडली.

दु. ४ वा. थोरला कुठे विचारलं. मी म्हणालो, आई, मीच. नाही म्हणाली.

४.२० परत विचारलं. मोलगीला आहे, म्हणालो. तेव्हा गप्प झाली."

जावेनं पेन उघडलं. दोन ओळींच्या मध्ये, जागा होती तिथे, बारीक अक्षरात लिहिलं: "१ वा. गोळी राहिली. आता ७.०५ ला दिली." आणि डबा घेऊन सासूबाईंना उठवायला गेली.